अंथरूण पाहावे कसे?

अंथरूण पाहून पाय पसरावेत, ही म्हण आपल्याकडे घरोघरी ऐकवली जाते. पैशाच्या बाबतीत आपण ती पाळतोही. परंतु खरोखरीचे अंथरूण कसे पाहावे, ते कशाचे बनते, कोणत्या पाठीला काय मानवते, हे मात्र आपल्याला कुणी शिकवले नाही. कारण उघड आहे. आपल्या आधीच्या पिढ्यांपुढे निवडीचा प्रश्नच नव्हता. जुन्या लुगड्यांची वाकळ, गोणपाट, चटई, जे हाती येईल ते अंथरायचे आणि राबलेले अंग त्यावर टाकायचे. पुढे शहरात नोकऱ्या लागल्या, खोल्या झाल्या, तेव्हा कापसाची गादी आली. आज दुकानात गेले की गादीवाला दोन नावे पुढे करतो, लॅटेक्स आणि मेमरी फोम. दोन्ही महाग, आणि दोन्हींची स्तुती तो एकाच तोंडाने करतो. ऐकणाऱ्याला फरक कळत नाही आणि विचारायचा संकोच वाटतो.

या दोन्ही गाद्या आमच्या घरात आल्या. पहिली २०२१ मध्ये आबांसाठी, दुसरी २०२४ मध्ये आईसाठी. आम्ही नवरा-बायको दोघेही कमावतो, तरी पहिल्या गादीसाठी भिशी उचलावी लागली आणि दुसरीसाठी वर्षभर पैसे बाजूला टाकावे लागले. त्यामुळे डोळे मिटून काही घ्यायचे नाही असे ठरवले. दुकाने फिरलो, प्रश्न विचारले, मिळेल ते वाचले. जे कळले ते वाचकांपुढे ठेवत आहोत. गादी हा चैनीचा विषय आहे, असे कुणी म्हणेल. आम्हाला तसे वाटत नाही. ज्याची रोजी अंगमेहनतीवर चालते त्याची पाठ हेच त्याचे भांडवल असते, आणि दिवसभरात खर्च झालेले हे भांडवल रात्रीच भरून निघते.

आबा मूळचे गिरणी कामगार. त्यांच्या तरुणपणी गिरणगावातल्या एकेका खोलीत पंधरा-वीस माणसे राहत. एकाच वळकटीवर दोघे जण पाळीपाळीने झोपत. एक पाळीवर गेला की दुसरा त्याच्या जागी आडवा होई. १९८२ च्या संपात आबांची नोकरी गेली. पुढची वीस वर्षे त्यांनी वॉचमन म्हणून रात्री जागून काढल्या. २०२१ च्या पावसाळ्यात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. रुग्णालयातून घरी सोडताना तिथल्या सिस्टरनी आम्हाला बाजूला घेऊन सांगितले, "औषधं तुम्ही वेळेवर द्यालच. पण त्यांच्या पाठीकडे लक्ष ठेवा. पाठीला जखम झाली तर ती भरता भरत नाही."

हा धोका प्रत्येक घराने समजून घेण्यासारखा आहे. माणूस एकाच अंगावर पडून राहिला की माकडहाड, खुबे, टाचा अशा जागी हाड आणि अंथरूण यांच्यामध्ये कातडी चेपली जाते. तेथे रक्त नीट पोचत नाही आणि कातडी मरू लागते. आधी लाली दिसते, मग फोड येतो, मग जखम होते. यावरचा पहिला उपाय घरच्या माणसांच्या हातात असतो. दर दोन तासांनी कूस बदलायची, पाठ कोरडी ठेवायची, रोज उजेडात कातडी तपासायची. आम्ही घरात घड्याळ लावून पाळ्या ठरवल्या होत्या. रात्री बाराला एक, दोनला दुसरा, चारला आई.

दुसरा उपाय अंथरुणाचा. अंगाचा भार जितक्या मोठ्या भागावर विभागला जाईल तितका हाडाखालचा दाब कमी होतो. आमच्या घरची कापसाची गादी अकरा वर्षांची होती, तिच्यात गाठी झाल्या होत्या. विजेच्या पंपावर चालणारी हवेची गादी हाही एक पर्याय होता, पण पंपाच्या घरघरीने आबा अस्वस्थ होत. डॉक्टरांनी पाठ तपासली आणि सांगितले की जखम अजून झालेली नाही, कूस बदलायला माणसे आहेत, तर चांगल्या मेमरी फोमवर भागेल. असे हे नाव आमच्या घरात आले.

मेमरी फोम म्हणजे पॉलियुरेथेन या प्लास्टिकचाच एक प्रकार. पॉलियुरेथेनचा शोध १९३७ मध्ये जर्मनीत ओटो बायर यांनी लावला. आपल्या सोफ्यात, बसच्या सीटमध्ये असतो तो साधा फोमही त्याच जातीचा. दोन्ही खनिज तेलापासून काढलेल्या रसायनांतून तयार होतात. १९६६ मध्ये अमेरिकेच्या 'नासा' या संस्थेच्या कामावर असताना चार्ल्स योस्ट या अभियंत्याने विमानातल्या आसनांसाठी एक वेगळा फोम बनवला. अपघातात धक्का शोषला जावा आणि लांबच्या प्रवासात बसणाऱ्याला आराम मिळावा, हा हेतू होता. १९८० नंतर ही कृती सर्वांना खुली झाली आणि १९९१ मध्ये स्वीडनच्या एका कंपनीने त्याची गादी बाजारात आणली. एका दुकानात आम्हाला सांगण्यात आले की अंतराळवीर याच गादीवर झोपतात. अंतराळात अंगाला भारच जाणवत नाही, तेथे गादीचे काम काय? तेथील माणसे भिंतीला बांधलेल्या पिशवीत झोपतात. गिऱ्हाइकाने एवढे जाणून असावे.

या फोमचा गुण समजायला काकवी आठवावी. थंडीत काकवी घट्ट होते, उन्हाळ्यात पातळ होऊन पळते. मेमरी फोमही गारव्यात कडक आणि अंगाच्या उबेने मऊ होतो. अंग टेकले की तो हळूहळू दबतो आणि खांदा, कंबर, टाच यांच्या आकाराप्रमाणे जागा करून देतो. हात दाबून उचलला तर पंजाचा ठसा काही क्षण तसाच राहतो आणि मग सावकाश भरून येतो. 'मेमरी' म्हणजे स्मरण ते हेच. त्याला स्मरण असते ते स्वतःच्या मूळ आकाराचे, आपल्या अंगाचे नव्हे.

आबांसाठी आम्ही बहात्तर बाय छत्तीस इंचांची, सहा इंच जाडीची गादी ठरवली. वर दोन इंच मेमरी फोम, खाली चार इंच कडक फोम. दुकानात दाखवली ती तशीच होती. घरी टेम्पोतून उतरली ती मात्र दुसरीच निघाली. कापड तेच, नाव तेच, पण कडेची चेन उघडून पाहिली तर वरचा थर जेमतेम अर्ध्या इंचाचा, आणि खाली निळे-पिवळे-पांढरे तुकडे एकत्र चिकटवलेला ठोकळा. कारखान्यात उरलेली फोमची कात्रणे दाबून, चिकटवून हा माल करतात. त्याला रीबॉण्डेड फोम म्हणतात. तो वाईट असतो असे नाही. त्या नावाने, त्या भावात घेतला तर व्यवहार सरळ आहे. पण मेमरी फोमच्या भावात तो गळ्यात मारणे ही फसवणूक. आम्ही टेम्पोवाल्याला तिथेच थांबवले आणि गादी परत पाठवली. दुकानदार म्हणाला, "अहो ताई, आतलं कोण बघतं?" आमच्यातली 'ताई' म्हणाली, "ज्याला त्यावर झोपायचंय त्याचं घर बघतं." तीन दिवसांनी ठरलेली गादी आली.

त्या प्रसंगातून आम्ही एक पद्धत ठरवली, ती सांगतो. गादीचे कापड काढता येण्याजोगे असेल तर चेन उघडून थर डोळ्यांनी पाहावेत, पट्टीने मोजावेत. चेन नसेल तर आतल्या मालाचा कापलेला नमुना मागावा. त्यानंतर घनता विचारावी. घनता म्हणजे एक मीटर लांब, रुंद आणि उंच एवढ्या मालाचे वजन किती किलो. आमच्या मापाची सहा इंची गादी जवळपास पाव घनमीटर भरते. म्हणजे त्यातला दोन इंचांचा मेमरी फोमचा थर ५० घनतेचा असेल तर त्या थराचे वजन सव्वाचार किलोच्या आसपास आले पाहिजे. हलका फोम लवकर बसतो, खड्डा पडतो. मात्र नुसत्या वजनावर जाऊ नये, कारण कात्रणांचा रीबॉण्डेड फोमही चांगला जड असतो. आधी थर पाहावा, मग वजन करावे. आणि थरांची जाडी व घनता बिलावर लिहून घ्यावी. तोंडी शब्दाचा पुरावा राहत नाही. बिल असेल तर ग्राहक म्हणून तक्रार करता येते. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक त्यासाठीच आहे.

त्या गादीने आबांच्या बाबतीत आपले काम केले. सतरा महिने ते अंथरुणावर होते, पाठीला जखम झाली नाही. याचे सगळे श्रेय गादीला देणे बरोबर होणार नाही. बाराच्या, दोनच्या आणि चारच्या पाळ्या नसत्या तर कोणतीही गादी पुरी पडली नसती. पण गाठींच्या कापसावर टाचा लाल व्हायच्या, त्या फोमवर राहिल्या नाहीत, हे आम्ही रोज पाहत होतो. ओलीपासून बचाव म्हणून आम्ही वर पातळ, पाणी न शोषणारे आवरण आणि त्यावर सुती चादर घालत असू. जाड रेक्झिन घातले की फोमला अंगाचा आकार घेता येत नाही, शिवाय पाठीला घाम सुटतो. चादरही ताणून खोचायची नाही, कारण ताणलेली चादर झोळीसारखी होते आणि भार पुन्हा हाडाखाली येतो. हे सिस्टरनी शिकवले होते.

त्रासही कळला तो तेथेच. मे महिन्यात मुंबईची हवा, आमची चौथ्या मजल्यावरची सव्वादोनशे चौरस फुटांची खोली, आणि अंगाला चिकटून बसणारा फोम. अंगाची ऊब आत कोंडून राहते. आबांची पाठ ओली होई. रात्री दोनदा पाठ पुसून पंख्याचा वारा द्यावा लागे. थंड जेलचा थर असलेल्या गाद्याही दुकानात असतात, पण त्यांचा गारवा सुरुवातीला जाणवतो आणि अंगाची ऊब बसली की ओसरतो.

२०२३ च्या जानेवारीत आबा गेले. महिन्याभराने आम्ही आईला म्हटले, "आई, तू आता या गादीवर झोपत जा. तुझी कंबर तरी धरणार नाही." आईने पस्तीस वर्षे इमारतींच्या कामावर घमेली वाहिली. सिमेंट, खडी, विटा, आणि बांबूच्या परातीवरून चढउतार. तिची कंबर आज ना उद्या बोलणारच होती. चार रात्री ती त्या गादीवर झोपली आणि पाचव्या दिवशी परत खाली चटईवर आली. "रुतल्यासारखं होतं बाबा," ती म्हणाली. "कूस बदलायची तर चिखलातून पाय काढल्यागत जोर लावावा लागतो."

तिचे हे बोलणे आम्ही नीट ध्यानात घेतले, कारण दोन गाद्यांमधला सगळा फरक त्यात आला होता. स्वतः हलू न शकणाऱ्या आबांना जे सोयीचे होते, तेच रात्रीत वीस वेळा कूस बदलणाऱ्या आईला जाचक झाले. मेमरी फोम अंगाला धरून ठेवतो. तो हळू दबतो आणि हळूच वर येतो, म्हणून हलणाऱ्याला तो साथ देत नाही. एक गोष्ट मात्र त्याच्या बाजूची आहे. दोघे जण झोपले असता एकाने कूस बदलली तर दुसऱ्याला हिसका बसत नाही. ज्यांच्या घरात एक जण रात्रपाळीवरून उशिरा येतो, त्यांना हा गुण उपयोगी पडेल. ती गादी आम्ही स्वच्छ करून, नवे कापड घालून शेजारच्या इमारतीतल्या एका आजारी माणसाच्या घरी दिली.

मग लॅटेक्सचा विचार सुरू झाला. लॅटेक्स म्हणजे रबराच्या झाडाचा चीक. हे झाड मूळचे दक्षिण अमेरिकेतले, ॲमेझॉनच्या जंगलातले. १८७६ मध्ये हेन्री विकहॅम या इंग्रजाने तेथून बियाणे लंडनजवळच्या क्यू उद्यानात नेले, आणि तेथल्या रोपांपासून पुढे श्रीलंका, मलाया येथे मळे उभे राहिले. आपल्या देशात रबर सर्वाधिक पिकते ते केरळात. आपल्या सिंधुदुर्गातही दोडामार्गाकडे रबराच्या बागा आहेत. पहाटेच्या गारव्यात चीक चांगला वाहतो, ऊन चढले की कमी होतो. म्हणून चीक काढणारे मजूर अंधारातच उठतात, झाडाच्या सालीला तिरपी चीर देतात आणि खाली वाटी बांधतात. आपल्या झोपेची गादी ज्या चिकापासून होते, तो कुणाच्या तरी मोडलेल्या झोपेतून आलेला असतो.

त्या चिकात पाणीच जास्त. यंत्रात घुसळून पाणी कमी करतात, रबर शेकडा ६० च्या आसपास आणतात. मग त्यात गंधक वगैरे घालून त्याचा फेस करतात, साच्यात ओततात आणि वाफेवर शिजवतात. गंधक आणि उष्णता यांनी रबर पक्के होते, हे १८३९ मध्ये चार्ल्स गुडइयर यांनी शोधले. फेसाची गादी करण्याची रीत १९२९ मध्ये इंग्लंडात बर्मिंगहॅमच्या डनलॉप प्रयोगशाळेत निघाली. पहिला फेस घरच्या केक फेटण्याच्या यंत्रात केला होता, असे सांगतात. ती रीत आजही 'डनलॉप' याच नावाने ओळखली जाते. दुसरी रीत 'टॅलाले'. तिच्यात साच्यातली हवा ओढून फेस सगळीकडे सारखा पसरवतात, तो गोठवतात आणि मग शिजवतात. डनलॉप जरा घट्ट, टॅलाले जरा हलकी आणि मऊ. लॅटेक्सच्या गादीला दोन्ही बाजूंनी बोटभर खोल भोके दिसतात. साच्यातल्या धातूच्या खिळ्यांची ती जागा. त्या खिळ्यांमधून उष्णता आतपर्यंत पोचते आणि गादी मधोमध कच्ची राहत नाही. त्याच भोकांतून पुढे हवाही खेळते.

लॅटेक्सचा स्वभाव मेमरी फोमच्या उलट. दाबले की दबते, सोडले की त्याच क्षणी वर येते. अंगाला ती खालून रेटा देते. कूस बदलताना, उठून बसताना त्या रेट्याची मदत होते. उन्हाळ्यात ती जास्त मऊ होत नाही की थंडीत कडक होत नाही. मेमरी फोमपेक्षा गारही लागते. दोष असा की ती फार जड असते. आमच्याच मापाची, सहा इंचांची, ८० घनतेची गादी २० किलोच्या घरात जाते. एकट्या बाईने उचलून झाडलोट करायची म्हटली तर कठीण. सुरुवातीला रबराचा वास येतो, तो काही दिवसांत जातो. आणि त्याच मापाच्या मेमरी फोमपेक्षा ती बहुधा महाग पडते.

येथेही शब्दांचा खेळ आहे. 'शंभर टक्के लॅटेक्स' आणि 'शंभर टक्के नैसर्गिक लॅटेक्स' या दोन वेगळ्या गोष्टी. खनिज तेलापासून बनवलेले कृत्रिम लॅटेक्सही असते आणि ते नैसर्गिकात मिसळतात. दोन्ही लॅटेक्सच, म्हणून पहिला दावा खोटा ठरत नाही. काही गाद्यांत तर वर एक इंच लॅटेक्स आणि खाली साधा फोम असतो. त्यामुळे चेन, पट्टी, वजन आणि बिल ही परीक्षा येथेही चुकवू नये.

आईची मुख्य हरकत पैशाची होती. "माझ्या हाडांना कधी गादी लागली नाही, आता कशाला? पोरीच्या क्लासची फी भरा." दुसरी हरकत तिने वर्षावासात काढली. पौर्णिमेला ती अष्टशील घेते, आणि उंच, ऐषारामी शय्या वर्ज्य करणे हे त्यातलेच एक. आम्ही म्हटले, "आई, तू शील घेतेस त्या रात्री चटईवर झोप. बाकीच्या दिवशी दुखऱ्या कंबरेला औषध लावतेसच ना? तशीच ही गादी समज." नातीने तर सरळच सांगितले, "आजी, माझी फी भरलीय. तू आधी झोपून तर बघ."

आईची तिसरी हरकत बहुतेक घरांत ऐकू येते. कंबर दुखते तर फरशीवर किंवा फळीवर झोपावे, मऊ अंथरूण वाईट. हा समज तपासून पाहण्यासारखा आहे. २००३ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्पेनमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जुनाट कंबरदुखीच्या ३१३ माणसांपैकी काहींना कडक आणि काहींना मध्यम कडक गाद्या दिल्या. कुणाला कोणती, हे त्यांना सांगितले नव्हते. ९० दिवसांनी पाहिले तेव्हा मध्यम कडक गादीवाल्यांचे दुखणे अधिक कमी झालेले होते. फार कडक अंथरुणावर खांदा आणि खुबा तेवढे टेकतात, कंबर अधांतरी राहते. फार मऊवर कंबर खाली लोंबते. मधली अवस्था बरी. अर्थात पायात मुंग्या येणे, पाय बधिर होणे, लघवीवरचा ताबा जाणे असे काही असेल तर गादीच्या दुकानाआधी डॉक्टरांकडे जावे.

२०२४ च्या दिवाळीआधी आम्ही आईसाठी मध्यम कडक, डनलॉप रीतीची लॅटेक्सची गादी घेतली. दुकानात तिला चपला काढून आडवे व्हायला लावले, तेव्हा ती लाजत होती. दहा मिनिटांनी म्हणाली, "ही बरी. ही मला उठवते." तिची कंबर या गादीने बरी झाली, असे आम्ही म्हणणार नाही. पस्तीस वर्षांची ओझी एका गादीने उतरत नाहीत. पण पहाटे उठताना ती भिंत धरायची, ते आता रोज धरावे लागत नाही. रात्री तिच्या कण्हण्याने आम्ही जागे व्हायचो, तेही कमी झाले.

आणखी काही गोष्टी घरातल्या गृहिणींनी ध्यानात ठेवाव्यात. कापसाच्या गादीला ऊन दाखवणे चांगले, पण लॅटेक्स किंवा फोम कडक उन्हात टाकू नये. उन्हाने लॅटेक्स पिवळी पडते, ठिसूळ होऊन भुगा होऊ लागते. सावलीत, वाऱ्यावर उभी करावी. दोन्ही धुवायच्या नाहीत, फक्त वरचे कापड धुवावे. फरशीवर थेट ठेवली तर पावसाळ्यात खालून ओल धरते, बुरशी येते. खाली फटी असलेला फळ्यांचा पलंग असावा, नाहीतर आठवड्यातून एकदा तरी उभी करून खालची बाजू वाळवावी. दोन्ही पेटतात, आणि फोमचा धूर तर फार विषारी असतो. एकाच खोलीत स्वयंपाक आणि झोपणे असेल तेथे शेगडीपासून आणि वंदनेच्या मेणबत्तीपासून गादी दूर ठेवावी. तान्ह्या बाळाला रुतणाऱ्या गादीवर निजवू नये, कारण तोंड रुतले तर त्याला मान वळवता येत नाही. बाळासाठी सपाट, घट्ट अंथरूणच योग्य, आणि बाळ पाठीवर निजवावे. रबरी हातमोजे घातल्यावर ज्यांच्या अंगावर पुरळ येते किंवा दम लागतो, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय लॅटेक्स घेऊ नये. सफाईच्या आणि दवाखान्याच्या कामातल्या भगिनींनी हे विशेष पाहावे.

ज्या घरात रोज सकाळी अंथरूण गुंडाळून ठेवल्याशिवाय चुलीला जागा होत नाही, तेथे यातली कोणतीच जाड गादी उपयोगाची नाही. कर्ज काढून ती आणू नये. चांगल्या कापसाची, वेळच्या वेळी पिंजून घेतलेली गादी आजही वाईट नाही. कापूस पिंजून पुन्हा भरता येतो. लॅटेक्स आणि फोम एकदा बसले की त्यांना दुसरा जन्म नाही. हप्त्यावर घेणाऱ्यांनी एवढा हिशेब करावा. किंमत भागिले टिकण्याची वर्षे. चांगली लॅटेक्स सहसा जास्त वर्षे टिकते, म्हणून आज महाग वाटली तरी वर्षाला पडणारा खर्च कधी कधी कमी येतो. पण हातात पैसाच नसेल तर हा हिशेब कागदावरच राहतो, हेही खरे.

थोडक्यात सांगायचे तर पडून असलेल्या, हलू न शकणाऱ्या माणसाला मेमरी फोमचा आधार मोठा. दिवसभर राबून रात्री कूस बदलत झोपणाऱ्याला, घामाच्या हवेत राहणाऱ्याला, गुडघे-कंबर धरलेल्या म्हाताऱ्या माणसाला लॅटेक्स बरी. मात्र आम्ही लिहिले म्हणूनही खरे मानू नये. प्रत्येकाचे अंग वेगळे. दुकानात जाल तेव्हा ज्याची गादी आहे त्यालाच बरोबर न्या. चपला काढून, पाय पूर्ण पसरून, कुशीवर वळून त्याला दहा मिनिटे तरी पडू द्या. दुकानदार घाई करील, करू द्यावी. पैसे आपले आहेत आणि पाठही आपलीच आहे.